नियतीच्या दिवशी सुट्टी नाही

दिनविशेष हे वर्तमानपत्रातलं सर्वांत निर्धोक सदर. अमुक साली तमुक जन्मले, तमुक साली अमुक वारले, मध्येच एखाद्या पुलाचं उद्घाटन. हुतात्मा, हुकूमशहा आणि एखादी सिनेनटी एकाच चौकटीत मांडीला मांडी लावून बसतात आणि कुणाच्या भावना दुखावत नाहीत. संपादकाला वकिलाची नोटीस यायची तर ती पहिल्या पानावरून येते, फार तर राशिभविष्यावरून येते. दिनविशेषावरून कुणी कोर्टात गेल्याचं ऐकिवात नाही.

आता जर्मनीतल्या एखाद्या दैनिकाच्या उपसंपादकाची ९ नोव्हेंबरची चौकट डोळ्यांसमोर आणा. १८४८ : लोकनियुक्त खासदाराला गोळ्या घातल्या. १९१८ : सम्राट गेला, प्रजासत्ताक आलं. १९२३ : हिटलरचं बंड फसलं. १९३८ : ज्यूंची दुकानं फोडली, सिनेगॉग जाळली. १९८९ : बर्लिनची भिंत उघडली. एवढं सगळं दोन बोटं रुंदीच्या जागेत. खाली जागा उरलीच तर उद्याचं हवामान.

जर्मनांनी या तारखेला 'नियतीचा दिवस' असं भारदस्त नाव देऊन टाकलं आहे. नियतीची सोय अशी की तिच्यावर समन्स बजावता येत नाही. तिच्या नावावर काहीही खपवा, ती उलटतपासणीला येणार नाही. आम्हाला मात्र या प्रकरणाचे कागद चाळताना नियतीचा अंगठा फारसा कुठे सापडला नाही. बऱ्याच ठिकाणी माणसांच्या ठसठशीत सह्या आहेत, आणि सगळ्यांत मोठ्या घटनेवर तर एका न वाचलेल्या कागदाची.

सुरुवात रॉबर्ट ब्लूमपासून करू, कारण त्याची आठवण सगळ्यांत कमी निघते. कोलोनच्या गरिबाघरचा हा मुलगा. लायप्झिगच्या नाट्यगृहात कारकुनी करता करता राजकारणात आला आणि १८४८ साली फ्रँकफर्टला भरलेल्या पहिल्या जर्मन संसदेत निवडून गेला. ऑक्टोबरात व्हिएन्नात उठाव झाला, तेव्हा बंडकऱ्यांना पाठिंब्याचा निरोप घेऊन हा तिथे पोचला आणि स्वतःच मोर्चेबंदीवर उभा राहिला. सरकारी फौजांनी शहर परत घेतलं, ब्लूमला पकडलं. त्यानं सांगितलं, मी खासदार आहे, संसदेच्या परवानगीशिवाय मला हात लावता येत नाही. कायदा खरोखरच तसा होता. लष्करी न्यायालयानं ते ऐकून घेतलं आणि ९ नोव्हेंबरला सकाळी त्याला गोळ्या घातल्या. फ्रँकफर्टच्या संसदेनं तीव्र निषेधाचा ठराव केला. पुढच्या वर्षी ती संसदही उरली नाही. ठराव मात्र दप्तरी जपून आहे.

१९१८ चा ९ नोव्हेंबर हा शनिवार होता, आणि त्या दिवशी जर्मनीत जे घडलं त्यावर कुणी फार्स लिहिला असता तर नाट्यनिर्मात्यानं 'जरा पटेल असं लिहा' म्हणून परत केला असता. महायुद्ध हरल्यात जमा. सम्राट विल्हेल्म बेल्जियममधल्या स्पा गावी लष्करी मुख्यालयात बसून राज्यत्याग करू की नको याचा काथ्याकूट करतोय. म्हणजे जर्मनीचा सम्राट सोडू, पण प्रशियाचा राजा राहू, असं काही जमेल का? पंच सोडतो, सरपंचपद राहू द्या, तसलं. बर्लिनच्या रस्त्यांवर कामगार उतरलेले. दुपारच्या सुमारास चान्सलर माक्स फॉन बाडेननं निर्णयाची वाट बघणं सोडलं आणि सम्राटानं राज्यत्याग केल्याचं परस्पर जाहीर करून टाकलं. सम्राटाला स्वतःचा राजीनामा बातमीतून कळला. त्यानं कागदावर सही केली ती २८ नोव्हेंबरला, हॉलंडात आश्रय घेतल्यावर. एकोणीस दिवस देश त्याच्याशिवाय चालू होता, हे सहीपूर्वी त्याच्या लक्षात आलं असावं.

मग माक्सनं चान्सलरपद सोशल डेमोक्रॅट नेता फ्रिडरिश एबर्टच्या हाती दिलं. एबर्ट शिस्तीचा माणूस. देशात राजा हवा की प्रजासत्ताक हे घटना समितीनं रीतसर ठरवावं, तोवर कुणी घाई करू नये, अशा मताचा. त्याच वेळी त्याचाच सहकारी फिलिप शायडेमान संसदेच्या उपाहारगृहात पातळ सूप पीत होता. लोक धावत आले : बाहेर गर्दी आहे, तिकडे लिबक्नेख्त सोव्हिएत प्रजासत्ताक जाहीर करणार आहे, तुम्ही काहीतरी बोला! शायडेमान उठला, खिडकीशी गेला, जुनं कुजकं कोसळलं, प्रजासत्ताक चिरायू होवो, असं बोलला आणि सुपाकडे परत आला. एबर्ट संतापानं लाल. तुला हा अधिकार कुणी दिला, म्हणून टेबलावर मूठ आपटली. पण खिडकीतून बोललेलं परत कसं घेणार? जर्मनीचं पहिलं प्रजासत्ताक हे असं, अधिकार नसलेल्या माणसानं, जेवणाच्या सुट्टीत जाहीर केलं. पुढे १९२० मध्ये शायडेमाननं ते भाषण ध्वनिमुद्रणासाठी पुन्हा केलं. दुसऱ्या खेपेला ते बरंच बरं झालं.

इकडे कार्ल लिबक्नेख्तनं चारच्या सुमारास राजवाड्याकडे जाऊन 'स्वतंत्र समाजवादी प्रजासत्ताक' वेगळं जाहीर केलंच. एका दुपारी एका देशात दोन प्रजासत्ताकं. शासनाची टंचाई म्हणतात ती उगाच.

लिबक्नेख्तच्या बाल्कनीचं पुढं काय झालं ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दुसऱ्या महायुद्धात राजवाडा जळला. पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट सरकारनं १९५० मध्ये सुरुंग लावून तो पाडला : सरंजामशाहीची खूण नको. पण लिबक्नेख्त ज्या बाल्कनीतून बोलला म्हणतात ते प्रवेशद्वार तेवढं वाचवलं आणि साठच्या दशकात शेजारी बांधलेल्या राज्यपरिषदेच्या इमारतीच्या दर्शनी भागात बसवलं. देश बुडाला. आज त्या इमारतीत बिझनेस स्कूल आहे. समाजवादी प्रजासत्ताकाच्या बाल्कनीखालून रोज होतकरू व्यवस्थापक आत जातात. आणि पाडलेल्या राजवाड्याच्या जागेवर कम्युनिस्टांनी बांधलेला 'प्रजासत्ताकाचा प्रासाद' नव्या सरकारनं पाडून तिथे पुन्हा जुन्या राजवाड्याच्या चेहऱ्याची इमारत उभी केली. एका पिढीनं इतिहास पाडायचा, दुसरीनं त्याची नक्कल बांधायची. गवंड्याला दोन्ही वेळा काम.

१९२२ च्या ९ नोव्हेंबरला स्वीडनच्या विज्ञान अकादमीनं आइनस्टाइनला आदल्या वर्षीचं, म्हणजे राहून गेलेलं, नोबेल द्यायचं ठरवलं. तो तेव्हा जपानच्या वाटेवर बोटीत होता. जर्मनीच्या ९ नोव्हेंबरांपैकी निव्वळ आनंदाचा म्हणावा असा हा एकच, पण दिनविशेषात याला जागा मिळेलच असं नाही. आणि अकरा वर्षांनी याच देशानं त्याचं घर, पैसा आणि पुस्तकं यांवर टाच आणली, तेव्हा तो आनंदही फार टिकला नाही.

इथून पुढे नियतीनं बाजूला व्हावं. कारण इथून माणसं तारखा मुद्दाम जुळवायला लागतात.

१९१८ च्या त्या दुपारची घृणा ज्यांच्या पोटात पाच वर्षं कुजत होती, त्यांत आडोल्फ हिटलर एक. युद्ध आपण हरलोच नाही, नोव्हेंबरातल्या गुन्हेगारांनी पाठीत सुरा खुपसला, हा त्याचा पाठ केलेला धडा. १९२३ च्या ८ नोव्हेंबरला, क्रांतीच्या पाचव्या वर्षदिनाच्या आदल्या संध्याकाळी, म्युनिकच्या ब्युर्गरब्रॉय बिअर हॉलमध्ये बव्हेरियाच्या सरकारी पुढाऱ्याचं भाषण चाललेलं. हिटलर हत्यारबंद माणसं घेऊन घुसला, छताला गोळी झाडली आणि राष्ट्रीय क्रांती झाल्याचं सांगितलं. या देशात क्रांती जाहीर करण्याची एक परंपराच दिसते : आधी जाहीर करायची, मग झाली का ते बघायचं. रात्रीत पुढारी निसटले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनेक हजारांचा मोर्चा निघाला. ओडेऑन चौकात पोलिसांनी अडवला, गोळीबार झाला. चार पोलीस आणि बंडवाल्यांच्या बाजूचे सोळा जण त्या दिवशी मेले. हिटलरचा खांदा निखळला. तो मोटारीतून पळाला आणि दोन दिवसांनी एका मित्राच्या घरी सापडला. राजद्रोहाला पाच वर्षांची शिक्षा झाली. निकालानंतर जेमतेम नऊ महिने भोगली. त्यातही पुस्तक लिहायला वेळ मिळाला. बिअर हॉलवाल्यानं फुटलेल्या मगांचं आणि नाहीशा झालेल्या काट्याचमच्यांचं बिल नंतर नाझी पक्षाला पाठवलं. त्या अख्ख्या प्रकरणात हिशेब मागणारा हा एकच माणूस निघाला.

दहा वर्षांनी हेच सोळा जण 'हुतात्मे' झाले. त्यातला एक तर जवळच्या उपाहारगृहातला वाढपी होता, बघ्यांच्या गर्दीत सापडून मेला, असं इतिहासकार सांगतात. मेल्यावर त्याला पक्षात घेतलं. जिथे गोळीबार झाला तिथे स्मारक उभं राहिलं, त्यावर पहारा बसला आणि समोरून जाणाऱ्यानं हात उंचावून सलाम करावा असा नियम झाला. म्युनिककरांनी त्यावर जो उपाय काढला तो कुठल्याही पुणेकराला पटेल. स्मारकाच्या मागच्या बाजूला व्हिस्कार्डी नावाचा बोळ आहे. लोक स्मारकाच्या आधीच वळून त्या बोळातून जायला लागले. सलाम नको आणि भानगडही नको. कामचुकारांची गल्ली असं तिचं नाव पडलं. आज त्या फरसबंदीत ब्राँझच्या दगडांची एक वळणदार रेघ बसवलेली आहे. भित्र्यांच्या चतुराईचं स्मारक जगात फार ठिकाणी नसेल. खरं तर प्रत्येक शहरात एक हवं.

तर १९३३ नंतर दर ८-९ नोव्हेंबरला नाझी पक्षाची जुनी मंडळी म्युनिकला जमायची. भाषणं, मशाली, जेवणावळ. १९३८ साली ही जेवणावळ चालू असतानाच पॅरिसमधून बातमी आली की जर्मन वकिलातीतला अधिकारी फॉम राथ मेला. दोन दिवसांपूर्वी सतरा वर्षांच्या हेर्शेल ग्रिन्श्पान या ज्यू मुलानं त्याच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. ग्रिन्श्पानच्या आईवडिलांना काही दिवसांपूर्वीच जर्मनीनं हजारो ज्यूंबरोबर पोलंडच्या सरहद्दीवर हाकलून दिलं होतं. गोबेल्सनं भाषण केलं. पक्षानं निदर्शनं आयोजित करू नयेत, पण ती आपोआप झाली तर अडवूही नयेत, अशा अर्थाचं. समोर देशभरचे पक्षाचे पुढारी एकाच सभागृहात बसलेले. भाषण संपताच ते टेलिफोनकडे धावले. आपोआप घडणाऱ्या गोष्टींना किती टेलिफोन लागतात!

मध्यरात्रीनंतर पोलीस ठाण्यांना तारा गेल्या. दंगल थांबवायची नाही. शेजारच्या जर्मनांची मालमत्ता जळणार नाही एवढं बघायचं. अग्निशमन दलं सिनेगॉगसमोर पाइप घेऊन उभी राहिली आणि बाजूच्या घरांवर पाणी मारत राहिली. हजाराहून जास्त सिनेगॉग जळाली किंवा फोडली गेली. साडेसात हजारांच्या आसपास दुकानं फुटली. त्या दिवसांत सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत नेलं. मृतांचा सरकारी आकडा ९१. खरा आकडा त्याहून कितीतरी मोठा. छावण्यांत मेलेले आणि त्या रात्रीनंतर आत्महत्या केलेले त्यात धरलेलेच नाहीत.

इथे तिरकस लिहिणाऱ्याची लेखणी निकामी होते, कारण वस्तुस्थितीच इतकी वाकडी आहे. तीन दिवसांनी गोरिंगनं बैठक घेतली. त्याचा राग कशावर? माल फुकट नासला यावर. फुटलेल्या काचा बेल्जियमहून मागवाव्या लागणार, परकी चलन जाणार, विमा कंपन्या बुडणार. तोडगा निघाला. विम्याचे पैसे कंपन्यांनी द्यायचे, पण सरकारला. दुरुस्तीचा खर्च ज्यूंनी करायचा. आणि वर 'प्रायश्चित्त' म्हणून ज्यू समाजानं एक अब्ज मार्कांचा दंड भरायचा. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे ऐकलं होतं. संन्याशाकडून सुळाची किंमत वसूल करणारे हेच.

एक उपकथा. पुढच्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १९३९ ला, गेओर्ग एल्झर नावाच्या सुतारानं त्याच बिअर हॉलच्या खांबात बाँब बसवला होता. तिसाहून जास्त रात्री हॉलमध्ये लपून राहून त्यानं एकट्यानं तो खांब पोखरला. कुणाचा आदेश नाही, पक्ष नाही, घोषणा नाही. हिटलर दरवर्षी या तारखेला इथे बोलतो, एवढंच त्याला पुरलं. पण त्या रात्री धुक्यामुळे विमान जाणार नव्हतं, रेल्वे गाठायची होती, म्हणून हिटलरनं भाषण आटोपतं घेतलं आणि बाँब फुटायच्या तेरा मिनिटं आधी तो बाहेर पडला. आठ जण मेले, तो वाचला. लांबलचक भाषणांना आम्ही आयुष्यभर नावं ठेवली. एक भाषण लांबायला हवं होतं, ते मात्र लांबलं नाही.

१९६९ चा ९ नोव्हेंबर दिनविशेषवाले सहसा गाळतात. पश्चिम बर्लिनच्या फासानेन रस्त्यावर १९३८ मध्ये जाळलेल्या सिनेगॉगच्या जागी ज्यू समाजाचं सभागृह बांधलेलं होतं. तिथे १९३८ च्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम होता, अडीचशेच्या आसपास माणसं. तिथे बाँब ठेवला गेला. फुटला नाही, तार गंजलेली होती. ठेवणारे कोण? नाझी नव्हेत. आपल्या बापांच्या पिढीला नाझी म्हणून जाब विचारणारे, जहाल डावे, पॅलेस्टाइनच्या मुक्तीसाठी झटणारे तरुण. आणि बाँबचं सामान पुरवणारा होता सरकारी गुप्तचर खात्याचा हस्तक. तारीख निवडताना त्यांनी नेमकी कोणती निवडली बघा. नियतीच्या डोक्यात असं काही येत नाही, त्याला विचारसरणी लागते. पाच वर्षांनी याच तारखेला दहशतवादी गटातला होल्गर माइन्स तुरुंगात उपोषण करून मेला. पुढचं सूडचक्र इथे सांगत बसत नाही.

तर आता १९८९. आणि आता खरोखरच अपघात.

त्या गुरुवारी पूर्व जर्मनीच्या गृहखात्यातल्या काही अधिकाऱ्यांना नवे प्रवासनियम लिहायला बसवलं होतं. सांगितलं होतं ते कायमचं देश सोडणाऱ्यांपुरतं. यांनी विचार केला, जो कायमचा जातोय त्याला परवानगी आणि जो मावशीला भेटून परत येतोय त्याला बंदी, हे काही बरोबर दिसत नाही. म्हणून त्यांनी साध्या खाजगी प्रवासाचं कलमही घातलं. नियम दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता जाहीर करायचा, म्हणजे सकाळी लोक पासपोर्ट कचेऱ्यांत रांगा लावतील, अर्ज भरतील, शिक्के मारून घेतील, असा बेत. पक्षाचा सर्वोच्च नेता एगॉन क्रेंझनं तो केंद्रीय समितीत वाचून दाखवला. मसुद्याचा मुख्य अधिकारी संध्याकाळी बायकोबरोबर नाटकाला गेला. सरकारी नोकराचं आदर्श वेळापत्रक.

पक्षाचा प्रवक्ता ग्युंटर शाबोव्स्की त्या चर्चेला हजर नव्हता. पत्रकार परिषदेला निघताना क्रेंझनं त्याच्या हातात तो कागद ठेवला. शाबोव्स्कीनं वाटेत तो वाचला नाही. पत्रकार परिषद सहाला सुरू झाली, दूरचित्रवाणीवर थेट, आणि जवळजवळ तासभर इतकी कंटाळवाणी चालली की काही वार्ताहरांचे डोळे मिटू लागले. संपता संपता प्रवासाचा प्रश्न आला. शाबोव्स्कीनं कागद काढला, चष्मा लावला, वाचला. कुणीतरी विचारलं, हे लागू कधीपासून? त्यानं कागद उलटापालटा केला, चाचपडला आणि म्हणाला, माझ्या माहितीप्रमाणे... लगेच, विनाविलंब.

पहाटे चारचा उल्लेख ज्या टिपणात होता, त्यापर्यंत त्याची नजर पोचलीच नाही.

यानंतर जे झालं ते पूर्व जर्मनीच्या सरकारनं नव्हे, पश्चिम जर्मनीच्या बातम्यांनी केलं. पूर्व बर्लिनकर रोज रात्री त्याच बातम्या बघायचे. रात्री साडेदहाच्या पुढच्या बातम्यांत निवेदकानं भिंतीची दारं सताड उघडी असल्याचं सांगितलं. ती तेव्हा बंदच होती. पण एवढ्या लोकांनी ऐकल्यावर बंद कशी राहणार?

बोर्नहोल्मर रस्त्याच्या चौकीवर हाराल्ड येगर नावाचा गुप्तचर खात्याचा अधिकारी ड्यूटीवर होता. कँटीनमध्ये पाव खाताना त्यानं टीव्हीवर शाबोव्स्कीला ऐकलं आणि काय मूर्खपणा हा, म्हणून ओरडला. वरिष्ठांना फोन केला. वरिष्ठ म्हणाले, लोकांना उद्या या म्हणून परत पाठवा. गर्दी वाढली, येगरनं पुन्हा फोन केला, पुन्हा तेच. मग वरून एक अफलातून आदेश आला : जे सर्वांत मोठ्यानं ओरडतायत त्यांना जाऊ द्या, पण त्यांच्या ओळखपत्रावरच्या फोटोवर शिक्का मारा, म्हणजे त्यांना परत येता येणार नाही. नोकरशाहीची प्रतिभा ही अशी. देश बुडत असताना तिनं शेवटी केलं काय, तर शिक्का कुठे मारायचा ते ठरवलं. थोड्या वेळात ओरडणाऱ्यांपैकी काही जण पलीकडे फेरफटका मारून परत आले. त्यात एक तरुण जोडपं होतं. मुलं घरी झोपलेली. फोटोवर शिक्का, म्हणजे परत यायला बंदी! आई रडायला लागली. येगरनं त्यांना आत घेतलं आणि त्या क्षणापासून वरच्यांच्या आदेशांना त्याच्या लेखी किंमत उरली नसावी. साडेअकराच्या सुमारास त्यानं फाटक उघडायला सांगितलं.

१९६१ पासून अठ्ठावीस वर्षं उभी असलेली, पश्चिम बर्लिनभोवतीची सुमारे १५५ किलोमीटरची सरहद्द, जिथे किमान १४० माणसं मेली. १९८९ च्याच फेब्रुवारीत विशीतला क्रिस ग्युफ्रॉय पळताना गोळी लागून मेला होता. ती सरहद्द कुठल्या क्रांतिकारकानं नाही, न वाचलेल्या टिपणानं आणि फोनवर नीट उत्तर न मिळालेल्या चौकीदारानं उघडली. त्याच संध्याकाळी पूर्व बर्लिनमधली एक पस्तीस वर्षांची भौतिकशास्त्रज्ञ दर गुरुवारप्रमाणे मैत्रिणीबरोबर सौनामध्ये गेली होती. घाम काढून झाल्यावर ती निघाली, गर्दीबरोबर बोर्नहोल्मरच्या फाटकातून पलीकडे गेली आणि उद्या कामावर जायचंय म्हणून लवकर घरी परतली. तिचं नाव अँजेला मर्केल. भिंत पडली म्हणून सौना न चुकवणारी बाई पुढे सोळा वर्षं देश चालवते यात आम्हाला तरी नवल वाटलं नाही.

आपल्याकडेही या तारखेची थोडी वर्दळ आहे. महर्षी कर्वे १९६२ मध्ये ९ नोव्हेंबरलाच गेले, एकशे चार वर्षांचे होऊन. त्यांची सून इरावतीबाई १९३० च्या सुमारास बर्लिनलाच डॉक्टरेटसाठी होत्या, ऑयगेन फिशर या वंशशास्त्रज्ञाच्या संस्थेत, माणसांच्या कवट्यांची मोजमापं करत. पुढे ज्यांच्या लेखण्यांनी १९३८ ला 'शास्त्राचा' आधार पुरवला त्यांत हे फिशर महाशयही होते. कवट्यांनी मात्र वंशश्रेष्ठतेच्या बाजूनं साक्ष दिली नाही, आणि इरावतीबाईंनी ती ओढूनताणून काढलीही नाही. आणि २०१९ च्या ९ नोव्हेंबरला अयोध्येचा निकाल लागला, कर्तारपूरचा मार्ग खुला झाला आणि त्या संध्याकाळच्या भाषणात पंतप्रधानांनी बर्लिनची भिंत याच तारखेला पडल्याची आठवण करून दिली. आठवण बरोबर होती. १९३८ साली याच तारखेला लोकांनी प्रार्थनास्थळांना आग लावली होती, हे कदाचित वेळेअभावी राहिलं असेल.

आता मूळ प्रश्न. एवढी वजनदार तारीख हाताशी असताना जर्मनांचा राष्ट्रीय दिवस कोणता? ३ ऑक्टोबर. आणि ३ ऑक्टोबरला झालं काय? काही नाही. तेच तर हवं होतं.

भिंत पडल्यावर ९ नोव्हेंबर करावा म्हणून सूचना होती. पण मशाली लावून नाचायचं कसं? त्या तारखेला आधी सिनेगॉग जळलेली. सुट्टीच्या अर्जावर आनंद आणि सुतक दोन्ही कारणं कशी लिहिणार? मग ऑगस्ट १९९० मध्ये पूर्व जर्मनीच्या संसदेनं रात्रभर बसून, पहाटे पावणेतीनच्या सुमारास मतदान घेऊन, ३ ऑक्टोबरपासून आपला देश विसर्जित करायचं ठरवलं. ३ च का? १ आणि २ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये युरोपातल्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक होती, तिथे हिशेब दाखवल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. आणि ७ ऑक्टोबरला पूर्व जर्मनीचा एक्केचाळिसावा वाढदिवस येत होता, तो काही झालं तरी टाळायचा होता. म्हणून सवडीची पहिली तारीख धरली. मंगल कार्यालयात हॉल रिकामा असेल ती तारीख धरायची पद्धत आपल्याकडेच आहे असा आमचा गैरसमज होता.

बरं, त्याआधी पश्चिम जर्मनीत राष्ट्रैक्याचा दिवस होता तो १७ जून. १९५३ साली पूर्व बर्लिनच्या कामगारांनी उठाव केला, रशियन रणगाड्यांनी चिरडला, म्हणून. तिकडचे मेले आणि इकडच्यांना जूनच्या उन्हात सहलीला जायला एक दिवस मिळाला. ती सुट्टी १९९० मध्ये बंद झाली. सहलीला आता ऑक्टोबर, म्हणजे छत्री.

तरी ३ ऑक्टोबरला अगदीच काही घडलं नव्हतं असं नाही. १९८८ मध्ये त्या दिवशी बव्हेरियाचा नेता फ्रान्स योसेफ श्ट्राउस वारला. कम्युनिस्टांचा कडवा शत्रू, भाषणांत त्यांना सोलून काढणारा. यानंच १९८३ मध्ये दिवाळखोरीच्या काठावर आलेल्या पूर्व जर्मनीला एक अब्ज मार्कांचं कर्ज मिळवून दिलं होतं. एक अब्ज हा आकडा आपण वर एकदा वाचलाय. जर्मन इतिहासात अब्जाखाली कुणी बोलत नाही.

आणि मग २००४. भिंत पडल्याला पंधरा वर्षं होत होती त्याच सुमारास अर्थमंत्री हान्स आयशेल यांना तिजोरीचा खडखडाट ऐकू आला. त्यांनी उपाय काढला : ३ ऑक्टोबरची सुट्टी रद्द करा, राष्ट्रैक्य दिन ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी साजरा करा. रविवार तर सुट्टीच असते. लोक एक दिवस जास्त काम करतील, देशाचं उत्पन्न थोडं वाढेल. राष्ट्रपतींनी नापसंतीचं पत्र लिहिलं, विरोधकांनी आकांडतांडव केलं, स्वपक्षीय कुरकुरले आणि सरकारनं दोन दिवसांत प्रस्ताव गुंडाळला. त्या गोंधळात कुणीतरी एक कॅलेंडर उघडून पाहिलं, एवढंच शहाणपण. २००७ साली ऑक्टोबरचा पहिला रविवार ७ तारखेला येत होता.